दुसरा पाळणा

नेवाशाजवळ, मळ्यातून
९ सप्टेंबर १९७२

वन्संना चांगुणाचा वाकून नमस्कार.

हे पत्र मी शाळेच्या यज्ञेश्वर मास्तरांच्या घरी बसून लिहिते आहे. तुमचं उत्तरही मास्तरीणबाईंच्या, म्हणजे प्रेमलाबाईंच्या नावावर पाठवा. आमच्या पत्त्यावर आलं तर तुमचे भाऊ ते ओट्यावर बसून सगळ्या वस्तीला वाचून दाखवतील. तुमची पत्रं ते तशीच वाचतात, सभेत वाचावीत तशी.

बातमी तुमच्या कानावर आलीच असेल. लग्नाला सात वर्षं झाली, मधे एकदा राहिलं ते तिसऱ्यातच गेलं, आणि आता कुठे पाचवा लागला आहे. पण वन्सं, पोट पाचव्याचं दिसत नाही, सातव्याचं दिसतं. विहिरीवर गेलं की बायका आपणहून माझा हंडा आधी भरू देतात. यंदा पाऊस नाही, पोहरा तळाशी घासतो, तरी देतात. कारण सगळ्यांनी ठरवलं आहे की मला जुळं होणार.

सासूबाईंनी पहिल्यांदा ठरवलं. मग रतनबाई सुईणीनं हात लावला आणि म्हणाली, "रंगुबाई, उजव्या अंगाला डोकं लागतंय, चांगलं टणक. दुसरं खाली हाय." झालं. सासूबाईंनी तुमच्या भावाचा जुना पाळणा माळ्यावरून काढला आणि सुताराकडून बाभळीचा दुसरा करून घेतला. ओसरीत आता दोन पाळणे शेजारी शेजारी टांगले आहेत. रोज संध्याकाळी त्या एरंडेल कोमट करतात आणि माझं पोट चोळतात. उजवीकडच्या गोळ्यावर हात ठेवला की त्याच्याशी बोलतात. "तू थोरला हाईस. धाकट्याला जागा दे. आसा आडून बसू नगंस." त्याचं नावही ठेवलं आहे. भिमाजी.

मागच्या बाजारी आम्ही नेवाशाला गेलो होतो. हे बैलांसाठी पेंड बघायला गेले तेवढ्यात मी दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं आणि म्हणाले, "मूल एकच वाटतं. उजवीकडे लागते ती गर्भाशयाची गाठ आहे. नगरला दाखवून घ्या." मी विचारलं, "मग ते डोकं नाही?" ते म्हणाले, "डोकं नाही, बाई."

बाहेर आल्यावर ह्यांनी विचारलं, काय म्हणाला डॉक्टर? मी म्हटलं, सगळं बरं आहे.

वन्सं, आमच्या वस्तीवर गाठ म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे. शेजारच्या बन्सीभाऊजींच्या आईच्या पोटात गाठ निघाली. तिला नगरला नेली ती परत आलीच नाही. आणि सात वर्षं ज्या बाईला मूल झालं नाही तिच्या कुशीत गाठ आहे म्हटल्यावर लोक दुसरी सून सुचवायला किती वेळ लावतील? सासूबाई मायाळू आहेत, पण त्यांची माया आता दोघांवर बसली आहे. त्यातला एक मी कसा काढून घेऊ?

आणि चोळलं की दुखतं. रोज जरा जास्त दुखतं. मी दात आवळून पडून राहते. मी काय करावं ते कळवा.

तुमची चांगुणा

*

माळीवाडा, नगर
१४ सप्टेंबर

चांगुणा,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन. आधी भांडते.

गाठ तुझ्या पोटात आहे, कपाळावर नाही. ती तू चोरून आणलेली नाहीस, कुणाच्या शापाने आलेली नाही, आणि मागच्या जन्माशी तिचा काही संबंध नाही. आपल्या बायका बांधावरचा दगड कुणी हातभर सरकवला तर तलाठ्याच्या दारात जाऊन बसतील. पण पोटातल्या दुखण्याबद्दल शेजघरातही बोलणार नाहीत. लग्नात भांडीकुंडी देतात तशी ही लाज आपल्याला आंदण देतात, आणि आपण ती घासून पुसून लेकीला देतो. मी गेली बारा वर्षं गावोगाव हेच ओरडून सांगते आहे, आणि माझ्याच घरात माझी भावजय दात आवळून तेल लावून घेते आहे. मला स्वतःचीच शरम वाटली.

आता ऐक. अंगात जे वाढायला नको ते वाढलं तर ते कापून काढायचं. यात भिण्यासारखं काही नाही. येथे डॉक्टर लीनाबाई म्हणून आहेत, बाळंतपणात त्यांचा हात धरणारं जिल्ह्यात कोणी नाही असं म्हणतात. त्यांना भेटून मी ऑपरेशनचं ठरवते. माझ्या भावाला, गोरक्षला सांग. सांगवत नसेल तर मी रविवारच्या एस.टी.ने येते आणि आईला समोर बसवून सांगते.

भिमाजी हे नाव कुणाचं ते तुला कुणी सांगितलं नसेल. माझ्या जोडीचा भाऊ. रंगपंचमीला आम्ही दोघं जन्मलो, तो महिनाभरात गेला, मी उरले. आईने मला कधी एक वाकडा शब्द ऐकवला नाही, पण दर रंगपंचमीला ती माझ्याकडे न बघता रानात निघून जायची. उरायला नको होतं ते मूल उरलं, असं तिला वाटत असणार. म्हणून सांगते, तिच्या जुळ्याच्या हौसेपुढे तू आपला जीव ठेवू नकोस.

आशीर्वाद आहेच.
पुष्पावती

*

मळ्यातून
१९ सप्टेंबर

वन्सं,

रविवारी येऊ नका, हात जोडते.

तुम्ही बोलायला लागलात की समोरचा गप्प होतो. पण गप्प झालेल्या माणसाला पटलेलं असतंच असं नाही. सासूबाई गप्प होतील, तुम्ही सोमवारी नगरला जाल, आणि मी इथेच राहीन.

दुसरं असं की तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात लाज आहे, तलाठी आहे, ऑपरेशन आहे. बाळ कुठेच नाही. गाठ कापताना बाळाचं काय होतं ते डॉक्टरीणबाईंना विचाराल का?

काल सासूबाई गोळ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "ह्यो हलत न्हाई गं फार. शाना हाय." मी म्हटलं, "व्हय, शाना हाय."

चांगुणा

*

नगर
२५ सप्टेंबर

चांगुणा,

तुझ्या पत्रातल्या एका ओळीने माझं तोंड बंद केलं. ते काम आजवर मोठमोठ्या सभांना जमलं नव्हतं.

लीनाबाईंकडे गेले. बुटक्या, करड्या आवाजाच्या. मी ऑपरेशन केलंच पाहिजे म्हणून जे सुरू केलं ते त्यांनी थोडा वेळ ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, आपण विचारायला आलात की सांगायला?" मग मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं. ते जसंच्या तसं लिहिते.

ही गाठ गर्भाशयाच्या भिंतीचाच मांसल गोळा असतो. पुष्कळ बायकांना असतो, कित्येकींना जन्मभर कळतही नाही. हा कॅन्सर नव्हे. दिवस गेल्यावर गर्भाशयाला रक्त वाढतं, तसं या गाठीलाही मिळतं, म्हणून ती फुगते आणि पोट मोठं दिसतं. आणि त्याच कारणाने या दिवसांत तिला सुरी लावायची नाही. कापायला गेलं तर रक्त आवरत नाही, बाळही जातं आणि बाईही. तेव्हा उपाय काय? उपाय हा की तिला हात लावायचा नाही आणि तिच्यावरची नजर काढायची नाही. बहुतेक बाया अशा गाठीसकट नीट बाळंत होतात.

मी म्हटलं, म्हणजे काहीच करायचं नाही? त्या म्हणाल्या, "करायचं खूप आहे. चोळणं बंद. जड हंडे उचलणं बंद. मधल्या महिन्यांत कधी कधी गाठीत एकदम कळ उठते, ताप येतो. तेव्हा घाबरून कुणी पोट दाबायचं नाही. आडवं करायचं, दवाखान्यात आणायचं, चार दिवसांत उतरतं. शेवटचे दोन महिने माझ्या डोळ्यांसमोर राहायचं. बाळंतपण दवाखान्यातच, आणि रक्त तयार ठेवून, कारण गाठीमुळे नंतर रक्त जास्त जाऊ शकतं."

चांगुणा, मला आजवर वाटत होतं की लढणं म्हणजे तोडणं. जे वाईट ते उपटून फेका, हे मी इतक्या ठिकाणी सांगितलं आहे की मलाच ते वेदवाक्य वाटायला लागलं होतं. ही बाई म्हणते, शत्रूला शेजारी बसू द्या, त्याच्यावर पहारा ठेवा, आणि आपलं काम करून घ्या. याला भित्रेपणा म्हणत नाहीत. याला अक्कल लागते आणि दम लागतो.

तेव्हा मागच्या पत्रातलं सगळं रद्द. राहिलं चोळणं. ते आजपासून बंद. सातव्यात माझ्याकडे यायचं. पहिलं बाळंतपण माहेरी हा रिवाज आई पुढे करील. करू दे. तुझ्या माहेरी पाथर्डीकडे आज प्यायला पाणी नाही आणि दवाखाना आडवाटेला. रिवाजाने रक्ताची बाटली मिळत नाही.

पण सांगायला हवं, आणि ते तूच. मी येणार नाही. तुझं म्हणणं मला पटलं आहे, आणि मी गप्पही झालेली नाही.

पुष्पावती

*

मळ्यातून
१३ ऑक्टोबर

वन्सं,

मी अंथरुणावर पडून लिहिते आहे, अक्षराला हसू नका.

तुमचं पत्र आल्यावर रोज ठरवत होते, आज सांगीन. पोटात मळमळतंय, पाठ धरली आहे, असं काहीबाही सांगून तेल टाळत होते. मंगळवारी घटाला माळ घालून सासूबाई तेलाची वाटी घेऊन आल्याच. "नवरात्रात तरी पोरांना तेल लागू दे." त्यांचा हात उजवीकडे गेला आणि अशी कळ आली की मी ओरडले. आजवर ह्या घरात माझा आवाज कुणी ऐकला नव्हता.

सासूबाई घाबरून म्हणाल्या, "भिमाजी फिरला का काय?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं. "आत्याबाई, भिमाजी न्हाई तो. गाठ हाय. डॉक्टरनं सांगितलंय. पोर एकच हाय."

त्यांनी हात उचलला. हाताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग मी कुनाशी बोलत हुते?"

त्या उठल्या, चुलीतली राख घेऊन हात धुतले, तेल उतरेपर्यंत धुतले. ह्यांनी साखर कारखान्याची जीप मिळवली, नेवाशाला नेलं. कळ आणि ताप तुम्ही लिहिलेत तसंच सगळं होतं, म्हणून मी स्वतः फारशी भ्याले नाही. उलट डॉक्टरांनाच सांगितलं की दाबू नका. इंजेक्शनं झाली, आता ताप उतरला आहे. बाळ हलतं आहे. ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला आदी सांगितलं आसतंस तर आक्का जे बोलली आसती ते मीच आईला बोललो नसतो का?" तुम्हालाच आक्का म्हणतात ना.

पण सासूबाई. त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत. भाकरी आणून ठेवतात आणि जातात. आज पहाटे त्यांनी ह्यांना पाथर्डीला पाठवलं, माझ्या आईला घेऊन यायला. आई आणि घरची सगळी तिकडे दुष्काळी कामावर खडी फोडतात. आणि आत्ता मी बघते आहे, सासूबाई माझी लुगडी घडी घालून गाठोड्यात बांधत आहेत.

याचा अर्थ मला कळतो. आईच्या हाती देऊन पाठवणार. जिथे टँकर आठवड्यातून फिरकतो तिथे मी ही गाठ आणि हे बाळ घेऊन कशी राहू? वन्सं, मी तुम्हाला येऊ नका म्हटलं होतं. आता काय म्हणू?

चांगुणा

*

नगर
१६ ऑक्टोबर

आई,

हे पत्र मास्तर तुला वाचून दाखवतील. ओट्यावर आणखी कोणी बसलं असेल तर त्यांनाही ऐकू दे.

तुझी सून आजारी नाही, अपशकुनी नाही, आणि तिच्या कुशीत पाप नाही. तिच्या पोटात तुझ्या मुलाचं मूल आहे आणि त्याच्या शेजारी एक गाठ आहे. डॉक्टर म्हणतात आई आणि मूल दोघंही सुखरूप निघतील, आपण माणसांसारखं वागलो तर. आणि तू गाठोडं बांधतेस. जिने सात वर्षं तुझ्या चुलीला सरपण घातलं तिला तू बिनपाण्याच्या गावात सोडणार, कशासाठी? तुला दोन हवे होते आणि एकच मिळणार म्हणून?

दोनातलं एक राहिलं की उरलेल्याकडे पाठ फिरवायची, हे तुझं जुनं आहे. ते मी सोसलं. चांगुणाने सोसू नये असं मला वाटतं. तिला बाहेर काढशील तर लेकही गेली असं समज.

पुष्पावती

*

मळ्यातून
२१ ऑक्टोबर

पुष्पे,

मास्तरला म्हनलं, मी बोलते तसंच लिव्ह, त्याला साबन लावू नगं.

तुजं पत्र वाचलं. वट्यावर धा मानसं हुती. लई झ्याक बोलतीस. बन्सी तर म्हनला, पुष्पाक्काला आमदारकीला हुबी करा. पर बोलायच्या आदी कुनाला बोलतीया ते बघत जा गं बाई. कोन काढतंय सुनंला?

गाठुडं मी बांधलं ते तुज्याकडं धाडाया. तिची आय बनुबाई, तिला खडीवरनं उठवून आनली ती तिच्यासंगं ऱ्हायाला. आता समजलं का?

चांगुनीला बोलले न्हाई ते खरं. मला गाठ लागली न्हाई. गाठ कुनालाबी येती, म्हशीला येती, बाभळीला येती. मला ह्ये लागलं, का तिला ठावं, तुला ठावं, त्या मास्तरनीला ठावं, आन मी येकलीच रोज वाटी घिऊन बसायचे. ती दात आवळून पडायची आन मला वाटायचं पोरगी गुनाची हाय, कुरकुरत न्हाई. मी अडानी हाय, पर बहिरी न्हाई. पयल्या दिशी सांगितलं आस्तं तर पयल्या दिशी हात उचलला आस्ता. तुमी शिकल्याल्या बायका जगाला सांगत फिरता, बोला म्हून. आन सासूला तेवढं सांगायचं न्हाई.

आता रिवाजाचं. पयलं बाळंतपन माहेरी. ह्यो रिवाज माज्या सासूनं मोडला न्हाई, मीबी मोडनार न्हाई. तू सभंत काय बोलायचं ते बोल. पर माहेर म्हंजी काय गं? चार भिती का? बनुबाईच्या घरच्या भिती हायत्या तिथं, पर हिरीत पानी न्हाई आन घरात मानूस न्हाई, समदी कामावर. जिथं आय चूल पेटवती तिथं माहेर. बनुबाईला तुज्या खोलीत आनून बशिवली का नगर चांगुनीचं माहेर झालं. रिवाजबी ऱ्हायला, दवाखानाबी ऱ्हायला. कुनाला नाव ठिवायचं आसंल त्यानं माज्याकडं यावं.

तिला तुज्या घरात पाव्हनी म्हून वागवू नगं. घर बनुबाईचं, तू तिथं भाडेकरू. तिला चुलीवर करू दे, इष्टोवर तिचा हात बसत न्हाई. सातवा लागला का गोरक्ष दोघींना आनून सोडंल. मी येत न्हाई, मला जनावरं हायती, छावनीत न्यायची.

आन त्ये जुनं म्हंतीस त्ये. त्ये पत्रात बोलायचं न्हाई.

रंगुबाई

(मजकूर बाईंनी सांगितला तसाच उतरवला आहे. साबण लावलेला नाही. – यज्ञेश्वर मास्तर)

*

नगर
२५ जानेवारी १९७३

आई,

हेही पत्र मास्तर वाचतील. वट्यावर सगळ्यांना बसव, रतनबाईंना पुढे बसव.

काल दुपारी चांगुणाला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. हे आधी सांगितलं, आता सगळं सांगते.

तू म्हणालीस तसं झालं. आल्या दिवशीच बनुबाईंनी माझ्या मागच्या खोलीत तीन दगड मांडून चूल केली, आणि त्या दिवसापासून मी माझ्याच घरात भाकरी मागून खाते. पहिला आठवडा त्या खाटेवर झोपल्या नाहीत, खडी टोचल्याशिवाय झोप येत नाही म्हणाल्या. लीनाबाई दर आठवड्याला चांगुणाला तपासत. एकदा त्यांनी बाळाचे ठोके ऐकायची लाकडी नळी बनुबाईंच्या कानाला लावून दिली. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "येकच हाय. पर पळतंय घोड्यावानी."

शेवटी शेवटी बाळाने वेगळाच हट्ट धरला. गाठ त्याच्या जागेत बसलेली, म्हणून ते डोकं खाली न करता पाय खाली करून बसलं. पायाळू. लीनाबाई म्हणाल्या, पोटावरून ऑपरेशन करून बाळ काढते, धोका पत्करत नाही. आणि तेव्हा गोरक्षने विचारलं, "बाई, पोट उघडणारच हाय तर ती गाठबी काढून टाका की. काय त्या सटवीला ठिवायचं?" खोटं कशाला सांगू, तोच प्रश्न माझ्या ओठावर होता. लीनाबाई म्हणाल्या, "आज तिला हात लावला तर रक्त मला थांबवता येणार नाही. मी बाळ काढायला आले आहे, तुमचा राग काढायला नाही."

गोरक्षने रक्त दिलं. देताना डोळे मिटून घेतले होते, आणि दिल्यावर पहिला प्रश्न, "आता नांगर धरता येतो ना?" ते रक्त लागलं. बाळ निघाल्यावर गाठीमुळे गर्भाशय लवकर आवळेना, रक्त जाऊ लागलं. पण बाटली तयार होती, इंजेक्शनं तयार होती, आणि ती बाई तयार होती. बाहेर मी आणि बनुबाई बाकावर बसलो होतो. त्यांनी माझा हात धरला होता. खडीने फुटलेला तो हात होता. मी आयुष्यात पहिल्यांदा एक शब्दही न बोलता इतका वेळ बसले. मग लीनाबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "थांबलं."

गाठ जिथे होती तिथेच आहे. ती आता हळूहळू आकसेल. पुढे त्रास दिला तर बघू, नाहीतर राहू दे.

रतनबाईंना सांग, चोळल्यामुळेच कळ आली असं डॉक्टरीण म्हणत नाहीत, ती आपोआपही येते. पण इथून पुढे जिथे नको तिथे टणक लागलं तर हात उचलायचा आणि बाई इकडे धाडायची. पोट चोळून जुळं होत नाही.

आणि वट्यावर कोणी "मुलगीच का" म्हणून कुजबुजत असेल तर मास्तर, तुम्ही इथे थांबून त्याच्याकडे बघा. हिच्यासाठी दोन तालुक्यांचे रिवाज जागचे हलले, एका बापाने रक्त दिलं आणि एका सासूने माहेर उचलून आणलं. एवढ्या तयारीने आपल्या वस्तीवर अजून कोणी जन्माला आलेलं नाही.

आई, मागच्या पत्रातला तो जुना राग मी लिहायला नको होता. पण मनात होता.

पुष्पावती

*

मळ्यातून
२३ मार्च १९७३

पुष्पे,

चांगुनी आन पोरगी काल पोचल्या. बनुबाई चार दिस ऱ्हाईल, मंग जाईल. पोरगी बापावर हाय, नाक तेवढं तुजं. पायाळू म्हनल्यावर वस्तीवरची समदी कंबर धरल्याली मानसं रांग लावून हायती. पालथं पडत्यात आन तिची टाच पाठीला लावून घेत्यात. बन्सी म्हनतो बरं वाटलं. येवढीशी टाच ती, आळवाच्या कांद्यावानी. तू हसशील. हस.

नाव ठिवलं भीमा. भिमाजी आला न्हाई, भीमा आली.

आज रंगपंचमी. रानात गेले न्हाई. चांगुनीनं सांगितलं तू काय मनात धरून बसली हुतीस ते. आगं येडे, मी रानात जायचे ते त्याला रडाया. तू हुबी ऱ्हायची रंगानं भरून, दात काढून. तुज्या म्होरं त्याला रडले आस्ते तर तुला काय वाटलं आस्तं? का आपन उगाच जगलो? म्हून जायचे. तू त्याचं उलटंच धरलंस. मायलेकी दोघीबी गप बसनाऱ्या, आन तू जगाला बोला म्हून सांगतीस.

तो गेला तवा त्याचा पाळना मी कुऱ्हाडीनं फोडला आन चुलीत घातला. रिकामा पाळना घरात ठिवू नये म्हनत्यात. आता बाभळीचा ह्यो दुसरा तसाच टांगल्याला. भीमी एकात निजती, दुसरा हलतो वाऱ्यानं. शेजारनी म्हनल्या, फोडा. म्या म्हनलं, येकदा फोडला तेवढं पुरं.

तर त्यो पाळना गोरक्ष उद्या कारखान्याच्या ट्रकात घालून तुज्याकडं आनतोय. तुला लेकरू न्हाई म्हून न्हाई धाडत. बन्सीच्या सुनंला सहावा हाय. पोट लई पुढं आलंय. रतननं काल हात लावला आन तसाच उचलला, म्हनली मला कळंना, नगरला न्या. बन्सी भेला. त्याची आय नगरला गेली ती आली न्हाई, ह्ये त्याच्या डोळ्याम्होरनं हालत न्हाई. त्याला म्हनलं, आरं तिला कोन हुतं तिथं? हिला हाय. हिला आन हिच्या आयला घिऊन मीच येते सोमवारी. मंग आनखी कुनाला लागलं तर तीबी येईल. तुज्या खोलीत आता माहेर बसलंय, त्ये उठनार न्हाई.

आल्यावर मला त्या डॉक्टरनीला बगायचंय. तुला गप बशिवनारी बाई म्या अजून बगितली न्हाई.

भाषन जरा कमी कर आन मागल्या खोलीच्या तुळईला दोन कड्या ठोकून घे. घट्ट ठोक. पाळना जड हाय.

तुजी आय